चिखलीत इंटरनेटचा बोजवारा

मी भूमिका बदलत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे काही घडलं ते सगळं माझ्या या एका सद्गुणामुळे घडलं.

तीसेक वर्षं मी चिखलीत बातमीदारी करतो आहे. या काळात आमच्या दैनिकाचे मालक बदलले, संपादक बदलले, कागद बदलला आणि मध्यंतरी एकदा पेपरचं धोरणही बदललं (ते मला बरंच उशिरा कळलं). मी बदललो नाही. माझ्या एकाही बातमीचा खुलासा आजवर छापून आलेला नव्हता. खुलासे यायचे नाहीत असं नाही. पालिकेतून यायचे, बाजार समितीतून यायचे. मी ते शांतपणे वाचायचो आणि खुलाशाचाच समाचार घेणारी दुसरी बातमी ठोकायचो. पुढे पुढे लोकांनी खुलासे पाठवणंच सोडून दिलं. याला वचक म्हणतात. आमच्या घरात याला दुसरा शब्द आहे, पण दीपमाला, म्हणजे माझी पत्नी, तो पाहुण्यांसमोर वापरत नाही.

तर गेल्या हिवाळ्यात आमच्या अकोल्याच्या मुख्य कार्यालयाने मला लॅपटॉप दिला. आता घरूनही बातमी पाठवता येईल, असं त्यांनी सोबत कळवलं. (म्हणजे सुट्टीच्या दिवशीही.) चिखलीच्या आमच्या कार्यालयात दीपक नावाचा पोरगा आहे. जाहिराती जुळवणं, पानं अकोल्याला पाठवणं आणि प्रिंटरला शिव्या घालणं ही त्याची कामं. त्याने लॅपटॉप ऑफिसच्या नेटला जोडून दिला.

"भाऊ, एक ध्यानात ठेवा," तो म्हणाला. "आपल्या ऑफिसच्या नेटले हे आकडे टाकून ठेवा लागते. हा लॅपटॉपचा इथला पत्ता समजा. घरी गेले की आकडे काढायचे अन् इथं 'ऑटोमॅटिक' करायचं. सकाळी इथं आले की पुन्हा आकडे."

"काऊन?"

"घरचं मशीन याले आपल्या मनानं पत्ता देते."

"म्हणजे मी माझ्या घरी गेल्यावर माझा पत्ता मले दुसरं कोणी सांगीन?"

"तुमचा नाही भाऊ. लॅपटॉपचा."

"लॅपटॉप कोणाचा हाय?"

दीपकने प्रिंटरकडे पाहिलं. त्या क्षणी त्याला प्रिंटर जास्त समजूतदार वाटला असावा.

"हे पाय, दीपक," मी म्हणालो, "ऑफिसात एक अन् घरी एक, असं मी आजवर केलं नाही. पुढाऱ्यांत अन् माझ्यात तेवढाच फरक उरला हाय. आकडे एकदा टाकले म्हणजे टाकले."

"मंग घरी नेट नाही चालणार."

"ऑफिसात फुकट चालते, अन् घरी पैसे भरून चालत नाही? असं कसं?"

"तांत्रिक कारण हाय भाऊ ते."

इथे विषय संपला. तांत्रिक कारण! नळाला पाणी का नाही, तांत्रिक कारण. रस्ता का खचला, तांत्रिक कारण. ज्याच्या तोंडी हे दोन शब्द आले तो काहीतरी लपवतो आहे, हे मी धंद्यात पडल्यापासून पाहत आलो आहे. मी लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि आकड्यांसकट घरी गेलो.

आमच्या घरी नेट आहे ते गजेंद्रचं. गजेंद्र हा आमच्या भागातला इंटरनेटवाला. त्याच्या दुकानाच्या गच्चीवरून निघालेल्या वायरी विजेच्या खांबांवरून, कडुनिंबांवरून आणि आमचे शेजारी अर्जुनराव यांच्या पाण्याच्या टाकीवरून घरोघरी पोचतात. पोरगा डिप्लोमा झालेला, कष्टाळू, सुपारीचंही व्यसन नाही. ही माहिती मी काढलेली नाही. ती दीपमालाने काढली, कारण तिची बहीण रुख्मिणी हिच्या मुलीसाठी, काजलसाठी, हे स्थळ तिनेच शोधलं होतं. आम्हाला मुलगी नाही. काजल लहानपणी अख्खा उन्हाळा आमच्याकडे काढायची, आणि दीपमाला तिच्या वेण्या घालता घालता तिच्या लग्नाचे बेत करायची. आता पसंती झाली होती, पोरं फोनवर बोलायला लागली होती, आणि येत्या रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. काजलचे वडील महादेवराव, म्हणजे माझे साडू, नांदुऱ्याला धान्याचे व्यापारी. त्यांच्या घराचं बांधकाम चालू, म्हणून साक्षगंध आमच्या अंगणात. दीपमाला त्या रविवारसाठी जगत होती. मंडपवाल्याला तिने इतके फोन केले होते की तो माणूस आता तिचा आवाज ऐकला की नुसतं "हो ताई" म्हणायचा.

सोमवारी संध्याकाळी मी घरी लॅपटॉप उघडला. नेट नाही. मी गजेंद्रला फोन लावला.

"गजेंद्र, नेट बंद हाय."

"नाही काका, इकडून तं तुमची लाइन हिरवी दिसून राह्यली."

"इकडे लाल हाय." (लाल कुठेच काही नव्हतं. पण अशा वेळी बातमीदाराने ठाम असावं.)

"मी येऊन पाहतो ना. दोन मिनिटांचं काम राहीन."

दोन मिनिटांत सगळं मिटलं असतं, हे मी आज मान्य करतो. पण दीपमालाने माझ्या हातातून फोन ओढला. "नाही नाही, तुम्ही येऊ नका बरं का," असं गोड आवाजात सांगून तिने तो बंद केला आणि मग तिचा नेहमीचा आवाज लावला.

"जावई हाय तो! पहिल्यांदा घरी येईन तं दारात पाय धुवा लागते त्याचे. टोपी-टॉवेल द्या लागते. पाटावर बसवा लागते. अन् तुम्ही त्याच्या हातात पेचकस देऊन टेबलाखाली घालता?"

"अवं, त्यानंच तं या घरात वायर टाकली."

"तवा तो वायरवाला होता. आता जावई हाय."

मी वाद घातला नाही, कारण मलाही तो यायला नकोच होता. माझं कारण वेगळं होतं. नात्यातल्या माणसाकडून बातमीदाराने फुकट काम करून घेऊ नये. आज वायर जोडून देतो, उद्या बातमी दाबा म्हणतो. गजेंद्रने आपला माणूस पाठवला असता, पण तो तुरी सोंगायला, म्हणजे कापायला, मोताळ्याकडे गावी गेला होता.

"ठीक हाय," मी जाहीर केलं. "जोवर सेवा सुरळीत होत नाही, तोवर या घरात या नेटवर बहिष्कार! कोणी वापरायचं नाही. आपण ग्राहक हाओत, भिकारी नाही."

"बरं," दीपमाला म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. ती इतक्या लवकर 'बरं' म्हणाली तिथेच मला संशय यायला हवा होता.

मंगळवारी ऑफिसात लॅपटॉप उघडला. नेट सुसाट. म्हणजे लॅपटॉप निर्दोष, हे सिद्ध झालं. आता प्रश्न एवढाच होता की गजेंद्रचं नेट फक्त माझ्या घरी बंद आहे की आणखी कुठे. एका बाजूची तक्रार ऐकून बातमी करणारा मी नाही. मी लॅपटॉप घेऊन अर्जुनरावांकडे गेलो. अर्जुनराव निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या नेटला लॅपटॉप जोडला. बंद!

"तुमचंही बंद हाय, सर," मी म्हणालो.

"असं?" अर्जुनराव आश्चर्याने म्हणाले. ते मोबाइलवर कीर्तन ऐकत होते. "मला काही कल्पनाच नव्हती."

"तुमाले त्रास होत असंन."

"आता तुम्ही म्हणता तर होतच असेल."

मी त्यांची प्रतिक्रिया घेतली आणि निघालो. मग किराणा दुकान. तिथे लॅपटॉप जोडला, बंद. दुकानदार मोबाइलवर क्रिकेटची मॅच पाहत होता. मान वर न करता तो म्हणाला, "काहीच चालत नाही हो भाऊ या गावात." मग दवाखाना. बंद. कंपाउंडर म्हणाला, "लय स्लो हाय." मग एक शिकवणी वर्ग. बंद. तिथल्या सरांनी तर या नेटमुळे विद्यार्थ्यांच्या निकालावर परिणाम झाल्याचं सांगितलं. पानठेल्यावर मी लॅपटॉप उघडला नाही, कारण पानठेल्यावर कनेक्शनच नव्हतं. तरीही पानवाला म्हणाला, "आमच्याकडे नाही भाऊ, पण त्रास तं होऊनच राह्यला."

जिथे जिथे मी गेलो तिथे तिथे नेट बंद होतं. इतकी एकमुखी बातमी मला कधी मिळाली नव्हती.

गुरुवारी ऑफिसातून बातमी पाठवली. शुक्रवारी जिल्ह्याच्या पानावर वरती, उजवीकडे, ठळक अक्षरांत: 'चिखलीत इंटरनेटचा बोजवारा, ग्राहक वाऱ्यावर'. 'प्रस्तुत प्रतिनिधीने ठिकठिकाणी प्रत्यक्ष पाहणी केली असता एकाही ठिकाणी सेवा सुरू आढळली नाही.' गजेंद्रचं नाव मी टाकलं नव्हतं. 'एका स्थानिक व्यावसायिकाची सेवा' एवढंच लिहिलं. नातं आणि बातमी यांत मी गल्लत करत नाही. नातं घरी, बातमी ऑफिसात.

पहिला फोन गजेंद्रचाच आला.

"काका, लोक पेपर घेऊन दुकानात येऊन राह्यले. लाइन कापा म्हणतात."

"बातमीत तुमचं नाव नाही."

"आपल्या भागात दुसरा हायच कोण, काका?" त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त अवघड वाटलं. "माह्यं काही चुकलं असंन तं सांगा. मी रात्रंदिवस लाइन पाहून राह्यलो, मले तं सगळी हिरवीच दिसते."

मी त्याला सेवा सुधारण्याचा सल्ला दिला. दुसरा फोन नांदुऱ्याहून महादेवरावांचा.

"उकंडराव, पेपर वाचला."

"कसा वाटला?" (सवयीने विचारलं.)

"पोराचा धंदा बसला म्हणता?"

"असं मी कुठं लिहिलं? मी बोजवारा लिहिलं."

"मंग बोजवारा म्हंजे काय, बरकत असते काय?" मागे पोत्यांची उतराई चालल्याचा आवाज येत होता. "हे पाहा. माहा साडू खोटं लिहीत नाही, हे मी मोंढ्यात छातीठोक सांगतो. आता तुम्हीच लिहिलं म्हणल्यावर मी पोरगी कशी देऊ? बातमी खरी असंन तं रविवारचं राहू द्या. खोटी असंन तं तसं छापा. जसं छापलं तसंच. नांदुऱ्याच्या सगळ्या सोयऱ्यांनी वाचलं हाय, तं सगळ्यांनी ते बी वाचलं पाह्यजे."

फोन स्पीकरवर होता. दीपमाला दारात उभी होती. तिच्या हातात साक्षगंधाची साडी होती, कडेला फॉल लावायची राहिलेली.

"काय छापलं तुम्ही?"

मी सांगितलं.

"पण आपलं नेट तं चालू हाय!"

"तुले कसं माहीत?"

"मी रोज दुपारी रुख्मिणीशी व्हिडिओवर बोलून राह्यली ना. ही साडी काजलनं त्यावरच तं पसंत केली."

"अन् बहिष्कार?"

"तो तुमचा होता."

मी तिला शांतपणे समजावलं की मोबाइलमध्ये मोबाइल कंपनीचं नेट असतं, ते वेगळं, आणि घरचं नेट वेगळं. तांत्रिक गोष्ट आहे. (हो, मीच म्हणालो.) त्यावर तिने साडीची घडी केली, ती कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "त्या पोरीचं काही बिनसलं ना, तं मी तुमचा पेपर या घरात येऊ देणार नाही. रद्दीत बी नाही."

शनिवारी दुपारी महादेवराव न कळवता एसटीने आले. पाणी प्यायले, चहाला नाही म्हणाले.

"मी धान्याचा माणूस," ते म्हणाले. "पोत्यात हात घातल्याबिगर भाव करत नाही. दाखवा तुमचं नेट."

मी आनंदाने लॅपटॉप उघडला. एक गोल फिरत राहिला. फिरला, फिरला आणि थांबला. नेट नाही.

"पाहा," मी म्हणालो. छापलं तसंच निघाल्याचं समाधान मला झालं, ते चेहऱ्यावर दिसलं असावं.

महादेवरावांनी खिशातून स्वतःचा मोबाइल काढला. "याचा रिचार्ज परवाच संपला. आता यात कोण्याच कंपनीचं काही नाही. बरोबर?"

"बरोबर."

"वहिनी, घरच्या नेटचा पासवर्ड काय?"

दीपमालाने स्वयंपाकघरातूनच सांगितला, एका दमात, एकही अक्षर न अडखळता. महादेवरावांनी तो घातला आणि पुढच्या क्षणी पडद्यावर काजल दिसली. नांदुऱ्याच्या घराची अर्धवट भिंत दिसली, भिंतीवर बसलेलं कबुतर दिसलं, कबुतराच्या गळ्याचा हिरवा रंगसुद्धा दिसला. काजलचे डोळे सुजलेले होते, तेही दिसलं.

"बाबा," ती म्हणाली, "चालू हाय ना?"

"चालू हाय," महादेवराव म्हणाले. त्यांनी फोन खाली ठेवला आणि माझ्या लॅपटॉपकडे पाहिलं. खराब माल ते असाच पाहत असावेत. "उकंडराव, हेच घेऊन तुम्ही गावभर फिरले?"

"हो."

"अर्जुनरावांकडं बी हेच?"

"हेच."

"दवाखान्यात बी?"

मला दीपक आठवला. आकडे आठवले. 'घरी गेले की ऑटोमॅटिक' हे वाक्य संपूर्ण, पूर्णविरामासकट आठवलं.

"म्हंजे एकच सडकं पोतं," महादेवराव म्हणाले, "अन् ते घेऊन तुम्ही दुकानोदुकान सांगत सुटले का सगळा बाजार सडला."

दीपमाला दारात येऊन उभी राहिली होती. ती काही बोलली नाही. अशा वेळी ती बोलली तर बरं वाटतं.

रविवारच्या अंकात खुलासा यायचा तर पान छपाईला सुटण्याआधी, म्हणजे दिवे लागेपर्यंत, तो अकोल्याला पोचायला हवा होता. मी आयुष्यातला पहिला खुलासा लिहायला बसलो. 'काही ग्राहकांच्या उपकरणांतील दोषामुळे,' मी लिहिलं, 'सेवेबाबत गैरसमज निर्माण झाला होता.'

महादेवराव खांद्यावरून वाचत होते. "काही म्हंजे किती?"

"एक."

"मंग एक लिहा. कोण?"

"नावाची काय गरज हाय?"

"वा!" दीपमालाला वाचा फुटली. "आजपर्यंत जेवताना ऐकवलं, नाव छापाले हिंमत लागते म्हणून. आता छापा."

मी नाव घातलं आणि पुढे लिहिलं, 'केवळ एका ग्राहकाचे इंटरनेट बंद होते.' स्वतःचं नाव बातमीच्या वर घालायची सवय होती. बातमीच्या आत घालायची ही पहिलीच वेळ.

आता पाठवायचा कसा? ऑफिसची किल्ली दीपककडे, आणि दीपक लोणारकडे कोणाच्या तरी वरातीत, फोन लागेना. मोबाइलवरून पाठवावा तर आमच्या पेपरचा नियम आहे की खुलासा बातमीदाराच्या अधिकृत मेलवरूनच आला पाहिजे, आणि तो मेल फक्त लॅपटॉपवर उघडतो. हा नियम मीच भांडून करून घेतला होता, माझ्या नावाने कोणी परस्पर खुलासा पाठवू नये म्हणून. राहिलं 'ऑटोमॅटिक'. मी स्वतः प्रयत्न केला. दोन-तीन बटणं एकदम दाबली तर पडदाच उलटा झाला. खुलासा डोक्यावर उभा राहिला. महादेवराव मान तिरकी करून वाचू लागले. "असा बी खरा वाटते," ते म्हणाले.

"गजेंद्रले बोलवा," मी म्हणालो.

मी हे म्हणताच दीपमाला पाणी तापवायला आत गेली. मला वाटलं चहाचं.

गजेंद्र दुकानातून तसाच आला, धुळीच्या कपड्यांत, खिशात पक्कड. तो उंबरठ्याच्या आत पाय टाकणार तोच दीपमाला ओरडली, "तिथंच उभे राहा!" बिचाऱ्याला वाटलं बातमीबद्दल अजून काही राहिलं आहे. त्याने चप्पल पुन्हा पायात घातली.

दीपमालाने परात आणली, तांब्या आणला, पाट मांडला. "बसा जावईबापू."

"काकू, पान सुटीन ना. आधी ते करू द्या."

"पान रोज सुटते. जावई एकदाच पहिल्यांदा येते." मग तिने आमच्याकडे पाहिलं. "मुलीकडचे पुरुष हात बांधून उभे काऊन हायत?"

"मी पाणी ओततो," महादेवराव चपळाईने म्हणाले आणि तांब्या उचलला. म्हणजे धुवायचं मला राहिलं.

मी खाली बसलो. गजेंद्र पाय मागे घेत होता, मी पुढे ओढत होतो. "काका, राहू द्या ना," तो म्हणत होता. "काही राहू द्यायचं नाही," दीपमाला सांगत होती, "दोन्ही पाय नीट धुवा. घोटे बी." चिखलीतले खांब आणि टाक्या चढून चढून त्याच्या घोट्यांना घट्टे पडले होते. आयुष्यात मी अनेक सेवांची प्रत्यक्ष पाहणी केली. इतक्या जवळून एकही केली नव्हती.

मग टॉवेल. मग टोपी, ती मोठी निघाली आणि कानांवर आली. मग कुंकू. मग तोंड गोड करायला शिरा, तो संपवल्याशिवाय उठायचं नाही. बाहेर ऊन उतरत होतं. अकोल्याहून पान लावणाऱ्या उपसंपादकाचा फोन आला: "भाऊ, काही येणार आहे म्हणालात?" मी सांगितलं की शिरा चालू आहे.

अखेर दीपमालाने गजेंद्रसमोर चौरंग ठेवला आणि त्यावर लॅपटॉप. बोटाला कुंकू होतंच, तिने लॅपटॉपलाही लावलं. गजेंद्रने कानावरची टोपी वर सरकवली, पडदा सरळ केला, कुठेतरी दोनदा टिचकी मारली. नेट आलं. शिऱ्याचा एक घास खायला लागला तेवढाही वेळ लागला नाही.

"काका, इथं दोन खुणा करून ठेवल्या," तो म्हणाला. "ही 'घर', ही 'ऑफिस'. जिथं असान तिथलं दाबत जा. आकडे-बिकडे पाहू नका." मग त्याचं लक्ष खुलाशाकडे गेलं. तो हळूहळू वाचत गेला. वाचून झाल्यावर नम्रपणे म्हणाला, "काका, एक इनंती हाय. 'केवळ एका ग्राहकाचे' याच्या आधी 'संपूर्ण शहरात' टाकता काय? म्हंजे स्पष्ट होईन."

वस्तुस्थितीला धरूनच होतं. मी टाकलं आणि पाठवलं.

रविवारी खुलासा छापून आला. पहिल्या पानावर, चौकटीत. उपसंपादकाने उत्साहाने माझा फोटोही घातला, बारा-पंधरा वर्षांपूर्वीचा, हातात पेन आणि नजर अन्यायावर रोखलेली. नांदुऱ्याचे सगळे सोयरे तो अंक घेऊनच जीपमधून उतरले. साक्षगंध झालं. फॉल लावून झालेली साडी काजलला शोभून दिसली, आणि गजेंद्रची टोपी या खेपेला मापाची होती. दीपमालाने त्या दिवशी मंडपवाल्याला स्वतःच्या हाताने ताट वाढलं आणि माझ्याशी दोन वाक्यं बोलली. काजल माझ्या पाया पडली तेव्हा हळूच म्हणाली, "काका, फोटो मस्त आला." मी आशीर्वाद दिला. एकंदरीत प्रकरणावर पडदा पडला असं मी समजलो.

पुढच्या आठवड्यात मी बसस्टँडवरून ऑफिसला चाललो होतो. चौकात गर्दी होती. लोक वर पाहत होते आणि मग माझ्याकडे पाहत होते. मीही वर पाहिलं. वीस फुटी फ्लेक्स. डावीकडे गजेंद्रच्या दुकानाचं नाव. उजवीकडे मी, हातात पेन, नजर अन्यायावर. मध्ये, अवतरणचिन्हांत, माझीच भाषा: 'संपूर्ण शहरात केवळ एका ग्राहकाचे इंटरनेट बंद होते.' त्याखाली: ज्येष्ठ पत्रकार उकंडराव यांची प्रत्यक्ष पाहणी. आणि त्याखाली: आजच जोडणी घ्या.

पानठेल्यावाल्याने हाक मारली, "भाऊ, आम्ही बी घेतलं कनेक्शन!"

मी ऑफिसात गेलो, लॅपटॉपवर 'ऑफिस' दाबलं आणि दिवसभराचं काम उरकलं. नातं घरी, बातमी ऑफिसात, हे मी पूर्वीच सांगितलं आहे. जावई असो की आणखी कोणी, सार्वजनिक चौकात पालिकेच्या परवानगीशिवाय फ्लेक्स लागतो म्हणजे काय? संतापाच्या भरात तसाच लॅपटॉप मिटून घरी आलो, ओसरीवर बसलो आणि एका बैठकीत बातमी लिहून काढली: 'अनधिकृत फ्लेक्सचा सुळसुळाट, पालिका झोपेत'. नावासकट. बऱ्याच दिवसांनी हात मोकळा झाला होता.

मी पाठवण्याचं बटण दाबलं. गोल फिरू लागला. फिरला, फिरला आणि थांबला.

मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. 'ऑफिस'. 'घर' दाबायच्या घाईत दोन-तीन बटणं एकदम दाबली गेली. पडदा उलटा झाला.

मी एक शब्दही बोललो नाही, हे मुद्दाम नोंदवतो. तरी आतून, मेथी निवडता निवडता, दीपमालाचा आवाज आला:

"जावयाचे पाय धुवाले पाणी तापवू काय?"